डोनर गाडीतून किट कार: कमी खर्चाचा आराखडा कसा करावा

किट कार म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडलेली गाडी, आणि डोनर म्हणजे जिचे भाग तिच्यासाठी काढून घेतात ती जुनी गाडी. किट कारचा खर्च ठरतो तो डोनर गाडी तुम्ही कुठे कापता यावर. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागचा ॲक्सल तिसरीचा असं जमवलं की प्रत्येक सांध्यावर एक भाग नव्याने घडवावा लागतो. कुठे ॲडॅप्टर प्लेट (न जुळणारे दोन भाग जोडणारी पट्टी), कुठे खास लांबीचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची चाल मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा), कुठे वेगळी ड्राइव्ह शाफ्ट (चाल थेट चाकाला देणारा दांडा). असा एकटा घडवून घेतलेला भाग कारखान्यातल्या तयार भागापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि तो तुटला तर बदली मिळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे. डोनरमधून एकमेकांशी जुळलेले संच उचलायचे आणि संचाच्या आतली मापं मोडायची नाहीत.

ही वाट जुनी आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने आणलेली सेव्हन ही हलक्या पाइपच्या सांगाड्यावर बेतलेली गाडी होती. तिच्यात फोर्डचं ११७२ सीसीचं साधं इंजिन बसायचं आणि ती सुट्या भागांच्या रूपात विकत घेता यायची. १९७३ मध्ये कॅटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि तो आराखडा आजही जिवंत आहे. पुढे घरी गाडी बांधणाऱ्यांनी मागच्या चाकांवर चालणारी फोर्ड एस्कॉर्ट डोनर म्हणून वापरली, कारण तेव्हा ती भंगाराच्या भावात मिळायची. आता तीच एस्कॉर्ट संग्राहकांची झाली आहे. तेव्हा जुन्या आराखड्यातली डोनर डोळे झाकून उचलू नका. आज तुमच्याकडे मुबलक आणि स्वस्त काय मिळतं, तिथून सुरुवात करा.

कागद आधी, कटर नंतर

स्वतः बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येते का, कोणत्या अटींवर, आणि डोनरची ओळख तिला चालते की नवी नोंदणी लागते, हे देशागणिक बदलतं. काही ठिकाणी फक्त बंद ट्रॅकवर चालवण्याचीच मुभा असते. नियम हातात आल्याशिवाय एकही पाइप कापू नका, कारण नियमांचा परिणाम थेट मापांवर होतो. ब्रिटनच्या वैयक्तिक वाहन तपासणीत, उदाहरणार्थ, बाहेरून स्पर्श होऊ शकणाऱ्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते. दिव्यांची उंची, आरशातून दिसणारा भाग, सीटबेल्टचे बिंदू, धुराची मर्यादा या सगळ्याचीही तपासणी होते. हे सगळं कागदावर असताना फुकट बदलता येतं. डोनरची मालकीची कागदपत्रं आणि भागांच्या खरेदीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

इंजिन कुठे बसवायचं

स्वस्तात जमणाऱ्या मुख्य मांडण्या दोन. पहिली, इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना. दुसरी, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या डोनरचं आडवं इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट असा आख्खा संच उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवायचा.

पहिल्या मांडणीसाठी १९८९ पासूनची पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ फार सोयीची आहे. चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे दोन त्रिकोणी आर्म), पुढे-मागे बोल्टने सुटणाऱ्या सबफ्रेम (सस्पेन्शन धरणाऱ्या छोट्या चौकटी), आणि गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शिअलशी (चाल दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीशी) ताठ जोडणारा ॲल्युमिनियमचा दुवा. बॉडीपासून सोडवलं की पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा सगळा यांत्रिक संच जमिनीवर एकसंध राहतो. ब्रिटनच्या मिल्स एक्स्ट्रीम व्हेइकल्सची एक्सोसेट याच कल्पनेवर उभी आहे. जुन्या बॉडीच्या जागी नवा पाइपचा सांगाडा येतो, बाकीचं जवळजवळ जसंच्या तसं राहतं. नवशिक्याने हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी सगळीकडे स्वस्त मिळत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मात्र जगभर ढिगाने आहेत, म्हणून दुसरी मांडणी. मोठ्या कंपन्यांनीही ती वापरली आहे. १९७२ च्या फियाट एक्स१/९ मध्ये फियाट १२८ चा यांत्रिक संच पाठीमागे गेला. १९८४ च्या पाँटिॲक फिएरोच्या मागच्या चाकांना तर जनरल मोटर्सच्या एक्स-बॉडी गाड्यांचं पुढचंच सस्पेन्शन होतं.

या मांडणीत काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. संच डोनरमध्ये ज्या दिशेला तोंड करून होता त्याच दिशेला ठेवायचा. तो फिरवून बसवला तर पुढे जाणारा एक गिअर आणि मागे नेणारे पाच गिअर मिळतील. मागे गेलेल्या नकल्सचे (चाकाचा हब धरणाऱ्या तुकड्यांचे) स्टिअरिंग आर्म मोकळे राहतात, त्यांना लांबी जुळवता येणाऱ्या ताठ दुव्याने सबफ्रेमशी बांधावं लागतं, नाहीतर मागची चाकं आपोआप वळू लागतील. पुढच्या कॅलिपरना (डिस्क आवळणाऱ्या ब्रेकच्या भागांना) सहसा हँडब्रेक नसतो, त्यामुळे मागे वेगळा यांत्रिक कॅलिपर लागतो. गिअर बदलायला केबल असलेली डोनर निवडा, लांब केबल करून मिळते. दांड्यांची जोडणी इंजिनाला वळसा घालून पुढे आणणं फार त्रासाचं. आणि डोनरला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले उभे खांब) असतील तर त्यांची वरची टोकं तुमच्या गाडीच्या मागच्या भागाची किमान उंची ठरवतात. सुंदर, ठेंगणं रेखाचित्र काढून झाल्यावर ही गोष्ट कळली तर सगळं पुन्हा काढावं लागतं.

डोनर पारखताना

बॉडी गंजलेली असली तरी हरकत नाही, उलट त्यामुळेच किंमत पडते. सबफ्रेम, विशबोन किंवा स्ट्रटच्या वाट्या गंजलेल्या असतील तर मात्र ती गाडी सोडून द्या. अपघाताची गाडी घ्यायची तर ठोकर कुठे बसली ते पाहा. दारांवर किंवा छतावर मार असेल तर उत्तम. चाकावर बसलेली ठोकर नकल आणि आर्म वाकवते आणि तो वाक डोळ्याला दिसत नाही.

गाडी चालू स्थितीत असावी आणि शक्य असेल तर खरेदीपूर्वी चालवून पाहावी. गिअर पडतात का, क्लच घसरतो का, तापमानाचा काटा स्थिर राहतो का, एखादा इशारादिवा पेटलेला आहे का, याची नोंद करा. पूर्ण गाडी घ्या, निवडक भाग नको. चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), मीटर, पेडल, स्टिअरिंग कॉलम, वायरिंग, पेट्रोलची टाकी, शेकडो खास बोल्ट आणि क्लिपा हे सुटं जमवायला गेलात तर पूर्ण गाडीपेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय दारं, काचा, सीट, बंपर, दिवे असे तुम्हाला नको असलेले भाग विकून डोनरच्या किमतीचा काही भाग परत येतो.

खोलण्याआधी मापून घ्या

ही पायरी घाईत सुटते आणि नंतर तिची भरपाई करता येत नाही. डोनर अजून आपल्या चाकांवर उभी आहे तोवरच तिचा सगळा भूमितीचा हिशेब तिच्याकडे आहे. सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये नेमकी हवा भरा, ओळंबा सोडून प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूची खूण फरशीवर घ्या आणि तिथून उंची मोजा. विशबोनचे आतले पिव्होट, वरचे-खालचे बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांडीच्या) टोकांचे सांधे, शॉकअपची दोन्ही टोकं, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, डिफरन्शिअलचे माउंट. पुढच्या चाकांच्या मध्यरेषेला शून्य धरा आणि प्रत्येक बिंदूला लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे द्या. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजा. दोन्हींत फरक आला तर एक तर मोजण्यात चूक आहे किंवा गाडी वाकलेली आहे, आणि दोन्ही आत्ताच कळायला हवं. चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंचीही लिहा. पुढे स्प्रिंगच्या हिशेबाला हीच लागते.

मग खोलायला घ्या. प्रत्येक सांध्याचा फोटो, प्रत्येक जोडणीतले बोल्ट वेगळ्या लेबल लावलेल्या पिशवीत. एअरबॅग आणि ताण देणारे सीटबेल्ट यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडून, उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं. त्यांच्यात स्फोटक भार असतो.

आता दोन-तीन वेळा वजन करा. सबफ्रेमसकट पुढचा संच, मागचा संच, इंजिन-गिअरबॉक्स. एक टोक टेकवून दुसरं काट्यावर, मग उलट, असं केलं की एकूण वजनाबरोबर वजनाचा मध्यही मिळतो.

चालक सांगाड्याच्या आधी येतो

सांगाडा काढून त्यात माणूस कोंबायचा प्रयत्न फसतो. आधी प्लायवूड, पुठ्ठा आणि लाकडाच्या पट्ट्यांनी बसायची जागा खऱ्या मापात उभी करा. खरी सीट ठेवा, डोनरचे पेडल आणि स्टिअरिंग त्यांच्या जागी धरा आणि अर्धा तास बसून राहा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा स्टिअरिंगला लागतो का? टाच कुठे टेकते? ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाऊल जाताना बूट मधल्या बोगद्याला घासतो का? अरुंद गाडीत पायाची जागा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फुगवट्याशी भांडते, आणि ते भांडण पुठ्ठ्यावर सुटलेलं बरं. गाडी अनेकजण चालवणार असतील तर सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला बसवून पाहा.

हार्नेस (अनेक पट्ट्यांचा, खांद्यांवरून येणारा सीटबेल्ट) वापरणार असाल तर खांद्याचे पट्टे मागे जाताना खांद्याच्या पातळीला किंवा थोडे खाली, साधारण २० अंशांपर्यंत, उतरले पाहिजेत. ते खाली जमिनीला बांधले तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. म्हणजे तुमच्या आडव्या पाइपची उंची ही चालकाच्या खांद्यावरून ठरते. रोल बारची (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीची) उंची हेल्मेट घातलेल्या डोक्यावरून ठरते. मोटरस्पोर्टच्या एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य रोल बारसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरचा कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा पाइप धरतात. बाकी सांगाड्यात काटकसर करा, इथे करू नका. सांधा असलेला साधा पाइप किंवा घरी वाकवताना चेपलेला पाइप रोल बारला चालणार नाही.

वजनाचा तक्ता

आराखड्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे हा तक्ता. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले पुढच्या ॲक्सलपासूनचं अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. उत्तर म्हणजे गुरुत्वमध्य. इंजिन पुढे असलेल्या, २३०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) गाडीचं एक उदाहरण घेऊ.

| वस्तू | वजन (किलो) | अंतर (मिमी) |
|---|---|---|
| इंजिन-गिअरबॉक्स | १९० | ६०० |
| पुढचं सस्पेन्शन, चाकं, रॅक | ११० | ० |
| मागचं सस्पेन्शन, चाकं, डिफरन्शिअल | १४० | २३०० |
| सांगाडा आणि बॉडी | १३० | ११५० |
| रेडिएटर, पाणी | १५ | −२५० |
| बॅटरी | १२ | ३०० |
| भरलेली टाकी | ३५ | २००० |
| सीट वगैरे | १८ | १५५० |
| चालक | ७५ | १६०० |

एकूण ७२५ किलो, गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून सुमारे ११०८ मिलिमीटर. म्हणजे पुढच्या चाकांवर जवळपास ५२ टक्के आणि मागच्यांवर ४८ टक्के.

आता एक प्रयोग करा. इंजिन १०० मिलिमीटर मागे सरकवलं तर गुरुत्वमध्य २६ मिलिमीटर मागे जातो. पण त्यासाठी पायाची जागा कमी होते, प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो आणि गिअर लिव्हर कोपराखाली येतो. त्याऐवजी १२ किलोची बॅटरी उचलून २१०० मिलिमीटरवर नेली तर गुरुत्वमध्य ३० मिलिमीटर मागे जातो. खर्च फक्त एका जाड केबलचा, तिला संरक्षक नळी आणि फ्यूज मात्र हवाच. डोनरचा संच न मोडता गाडी सुधारण्याच्या अशा जागा हा तक्ता दाखवतो. म्हणूनच तो सांगाड्याच्या रेखाचित्राआधी करायचा.

सांगाडा

आता हातात डोनरचे बिंदू आहेत, चालकाची जागा आहे आणि वजनं आहेत. सांगाडा म्हणजे हे सगळं जोडणाऱ्या रेषा. २५ बाय २५ मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप या वर्गात रुळलेला आहे. त्याचं एक मीटर सुमारे १.१८ किलो भरतं, म्हणजे ४० मीटर पाइप वापरला तरी ४७ किलोच. चौकोनी पाइप सरळ कापता येतो, टोकाला खोबण घालावी लागत नाही, पत्रा त्यावर सपाट बसतो. नवशिक्यासाठी हा फायदा गोल पाइपच्या थोड्या जास्त ताकदीपेक्षा मोठा आहे.

भार जिथे येतो तिथे पाइपांचा सांधा असला पाहिजे. विशबोनचा पिव्होट पाइपच्या मध्यावर टांगला तर तो पाइप धनुष्यासारखा वाकेल, जाडी कितीही वाढवा. चौकटी त्रिकोणांत विभागा. ज्या चौकटीत त्रिकोण बसत नाही, उदाहरणार्थ चालकाची उघडी जागा किंवा इंजिन वर काढायची जागा, तिथे बाजूच्या भिंतींची खोली वाढवा, मधला बोगदा वरून-खालून बंद करून पेटीसारखा वापरा, आणि इंजिनवर बोल्टने सुटणारा तिरका पाइप द्या. लोखंड विकत घेण्यापूर्वी पाचास एक प्रमाणात लाकडी काड्यांची प्रतिकृती चिकटवून बनवा आणि ती दोन्ही टोकांना धरून पिळा. कुठली चौकट कमकुवत आहे ते हाताला लगेच कळतं.

बांधणीसाठी सपाट टेबल हवं, लेव्हलने तपासलेलं. त्यावर पूर्ण आराखडा खऱ्या मापात आखा. पाइपांची काळी साल आणि गंज घासून काढा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप टाळा, वेल्डिंगमध्ये त्याचा धूर आजारी पाडतो. आधी संपूर्ण सांगाडा फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून उभा करा, डोनरचे संच त्यात बोल्टने बसवून पाहा, कर्ण मोजा, गुण्या लावा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्ड थंड होताना आकसतो, म्हणून एका कोपऱ्यात सलग काम न करता समोरासमोरच्या सांध्यांवर आळीपाळीने जा. तुमचं वेल्डिंग कच्चं असेल तर टॅकपर्यंतचं काम स्वतः करा आणि अंतिम वेल्ड अनुभवी माणसाकडून घ्या. त्यात खर्च फार नाही. स्वतः करणार असाल तर त्याच पाइपचे तुकडे जोडा, कापा, वाकवून तोडा. पाइप फाटायला हवा, वेल्ड नाही.

ताठपणा मोजताही येतो. मागचा भाग घट्ट बांधा, पुढचा भाग मध्यरेषेवर एका टेकूवर ठेवा आणि एका बाजूला १ मीटर लांब दांडीवर १०० किलो टांगा. हा पीळ सुमारे ९८१ न्यूटन-मीटर. मध्यरेषेपासून ५०० मिलिमीटरवरचा बिंदू ५ मिलिमीटर सरकला तर कोन ०.५७ अंश, म्हणजे ताठपणा सुमारे १७०० न्यूटन-मीटर प्रति अंश. एक तिरका पाइप टॅक करून पुन्हा मोजा. आकडा फारसा वाढला नाही तर तो पाइप काढून टाका.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग

डोनरच्या सबफ्रेम वापरत असाल तर या भागातलं बहुतेक काम कारखान्यात झालेलं आहे. रॅक सबफ्रेमवर जिथे होती तिथेच ठेवा. ती १०-१५ मिलिमीटर वर-खाली झाली तरी टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांडीचा) चाप विशबोनच्या चापाशी जुळत नाही आणि प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. तपासायला स्प्रिंग काढा, चाक जॅकने वर-खाली करा आणि डिस्कला लावलेल्या सपाट पट्टीचा पुढचा-मागचा सरक मोजा.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे की जड डोनरची स्प्रिंग हलक्या गाडीला निरुपयोगीच. हिशेब करून पाहू. डोनरच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचललेलं वजन २६० किलो आणि चाकापाशी ताठपणा १७.३ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर तिची नैसर्गिक कंपनसंख्या १.३ हर्ट्झ. तुमच्या गाडीत त्याच कोपऱ्यावर १५० किलो आले की ती १.७ हर्ट्झ होते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला हे अगदी योग्य आहे. बिघडते ती उंची, कारण स्प्रिंग १४७ मिलिमीटरऐवजी ८५ मिलिमीटरच दबते आणि गाडी ६२ मिलिमीटर वर उभी राहते. त्यासाठी स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग आणखी ताठ होते आणि चाक लटकल्यावर बैठकीतून निसटू शकते. स्प्रिंगची बैठक खाली आणा किंवा उंची जुळवता येणारे शॉकअप घ्या. जुने शॉकअप हलक्या वजनाला काहीसे कडक वाटतील. पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर ते नव्या शॉकअपवर करा.

विशबोन स्वतः बनवत असाल तर स्प्रिंग निवडताना मोशन रेशो विसरू नका. चाक १० मिलिमीटर हललं आणि शॉकअप ६.५ मिलिमीटर दबला तर रेशो ०.६५. चाकापाशी १५.२ न्यूटन प्रति मिलिमीटर हवे असतील तर ०.६५ च्या वर्गाने भागा, स्प्रिंग सुमारे ३६ न्यूटन प्रति मिलिमीटरची लागते. पिव्होटचे बोल्ट ८.८ किंवा वरच्या ग्रेडचे, दोन्ही बाजूंनी धरलेले, आणि कातरबल (बोल्टला आडवं कापू पाहणारं बल) आट्यांवर न येता बोल्टच्या गुळगुळीत भागावर येईल असे.

ब्रेक

या भागाला कमी लेखून अनेक चांगल्या गाड्या धोकादायक झाल्या आहेत. ब्रेक मारताना वजन पुढे सरकतं. वरच्या ७२५ किलोच्या गाडीत गुरुत्वमध्य ४५० मिलिमीटर उंचीवर असेल तर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) दराने वेग कमी होताना सुमारे ११३ किलो मागून पुढे जातात आणि पुढच्या चाकांवर ६७ टक्के भार येतो. पुढे जड असलेल्या डोनरमध्ये हाच आकडा ८० टक्क्यांच्या आसपास असू शकतो आणि तिचे ब्रेक त्यासाठी बेतलेले असतात. ते तुमच्या गाडीत जसेच्या तसे आले तर पुढची चाकं लवकर घसरतील. थांबायचं अंतर वाढेल, पण गाडी सरळ राहील.

इंजिन मागे ठेवलेल्या गाडीत धोका उलट आहे. नकल्स सोयीस्कर म्हणून पुढे आणि मागे दोन्हीकडे डोनरचीच पुढची नकल्स आणि मोठे कॅलिपर बसवले जातात. मग ब्रेकची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी होते. गाडीला मात्र जोरात ब्रेक मारताना पुढे ५८ टक्के हवे असतात. परिणाम असा की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. उपाय म्हणजे मागे लहान कॅलिपर, किंवा दोन मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेकचं तेल ढकलणारे) आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी ठरवणारी मधली बॅलन्स बार. कोणत्याही परिस्थितीत पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत, ओल्या रस्त्यावरही. सर्वो (पायाचा जोर वाढवणारं साधन) काढणार असाल तर पेडलचा लिव्हर रेशो पाच-सहाच्या आसपास न्यावा लागतो. आणि पेडलची बैठक जोरदार लाथेला टिकली पाहिजे. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेत पेडल २००० न्यूटन सोसेल असं बनवावं लागतं, तोच आकडा धरा. पातळ पत्र्याला बोल्ट केलेलं पेडल चालणार नाही. ब्रेकचे पाइप आणि होज सगळे नवे घ्या.

वायरिंग, पाणी, पेट्रोल, बॉडी

वायरिंगचा गुच्छ डोनरमधून अखंड काढा आणि जमिनीवर पसरून इंजिन, ईसीयू, मीटर, चावी यांना जोडून एकदा इंजिन सुरू करा. ते चाललं की टेप उघडून दारं, काचा, एसी, रेडिओ अशा नको असलेल्या वायरी एकेक करून काढा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा स्टार्ट करून पाहा. म्हणजे कुठल्या वायरीने बंद पडलं ते कळेल. चावी, इमोबिलायझर आणि ईसीयू हे एकमेकांना ओळखणारे भाग आहेत, त्यांचा संच फोडू नका. ईसीयूला वेगाची खबर एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरमधून मिळत असेल तर एबीएस काढण्याआधी विचार करा. इंजिन आणि सांगाडा यांच्यातली अर्थची जाड पट्टी विसरली की विचित्र बिघाड सुरू होतात.

रेडिएटर डोनरचाच पुरतो, पण त्याच्या चारही बाजू पत्र्याने बंद करा. हवा सोप्या वाटेने जाते, आणि फट असली तर ती रेडिएटरला वळसा घालते. मागच्या इंजिनला लांब पाइप असल्याने सर्वांत उंच ठिकाणी हवा काढायचा नळ द्या.

डोनरची टाकी शक्यतो वापरा, तिच्यात पंप, गेज आणि पेट्रोल हेलकावू न देणारे पडदे आधीच असतात. इंजेक्शनच्या उच्च दाबाच्या होजवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं पाहूनच घ्या. टाकी आणि माणसं यांच्यामध्ये बंद धातूची भिंत हवीच.

बॉडीवर मन रमतं आणि पैसेही तिथेच जातात. बाजू सपाट पत्र्याच्या ठेवा, वक्रता फक्त नाकापुरती आणि चाकांवरच्या कमानींपुरती फायबरग्लासमध्ये करा. समोरची काच डोनरची लॅमिनेटेड काच तिच्या चौकटीसकट घ्या. नव्या आकाराची काच बनवून घेणं घरगुती बांधणीच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पहिल्यांदा चालवताना

गाडी चार काट्यांवर, चालक आत बसवून मोजा आणि वजनाच्या तक्त्याशी ताडून पाहा. उभ्या गाडीत ब्रेक पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा, पेडल खाली जाता कामा नये. बंद, मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये चालवा, वेग थोडा थोडा वाढवत ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते पाहायला सांगा. मागचं असेल तर चाचणी तिथेच थांबवा आणि वाटणी बदला. टायर गरम झाल्यावर हेच पुन्हा, आणि जागेवर पाणी मारून तिसऱ्यांदा.

त्यानंतर गाडी उचलून सस्पेन्शनचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ मारा, म्हणजे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. वेल्डांच्या कडेला केसासारखी रेघ दिसते का ते भिंगातून पाहा, विशेषतः विशबोनच्या ब्रॅकेटपाशी. पहिल्या काही फेऱ्यांत हे प्रत्येक वेळी करा. पुढे सलग अनेक फेऱ्यांत एकही रेघ हलली नाही की तपासण्यांमधलं अंतर वाढवता येईल.